पाठ्यपुस्तकं काढून टॅब दिले तेव्हा

आठवीच्या वर्गांना पुढच्या वर्षापासून छापील पाठ्यपुस्तकं नाहीत, सगळं टॅबवर, असं आमच्या शाळेत ठरलं तेव्हा शिक्षकांना कुणी विचारलं नव्हतं. सूचनापत्रक आलं. त्याखाली अंमलबजावणी समितीची नावं होती आणि त्यात माझंही होतं. मी विज्ञान शिकवते आणि ग्रंथालयाचा हिशेब बघते, बहुधा एवढ्यावरूनच मी या कामाला योग्य ठरले असेन. टॅब आणावेत का, हा प्रश्न समितीपुढे नव्हताच. ते निस्तरायचं कसं, एवढंच आमच्या वाट्याला होतं.

पत्रकात कारणं दिली होती. दप्तराचं ओझं कमी होईल, मजकूर दरवर्षी ताजा ठेवता येईल, पुढेमागे खर्च वाचेल, मुलं उद्याच्या जगासाठी तयार होतील. ओझ्याचं कारण खरं होतं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं असं सांगितलं जातं आणि आमची अंगानं बारीक असलेली मुलं ती मर्यादा केव्हाच ओलांडून बसली होती. (तरी मी एकदा वजनकाटा आणून दप्तरं रिकामी करून पाहिली होती. पुस्तकांइतकंच वजन वह्यांचं, डब्याचं आणि पाण्याच्या बाटलीचं निघालं. ते सगळं टॅब आल्यावरही तसंच राहिलं.) बाकीच्या तीन कारणांबद्दल मला शंका होत्या, पण शंका म्हणजे विरोध नव्हे. वर्गात जवळ आणून दाखवता येत नाहीत अशा कितीतरी गोष्टी माझ्या विषयात आहेत, त्यामुळे मला उत्सुकताही होती.

मग विक्रेत्यांची प्रात्यक्षिकं सुरू झाली. प्रत्येकाकडे एक धडधडणारं हृदय होतं. बोटानं फिरवा, मधून कापा, झडपा उघडताना-मिटताना बघा. खोलीतले सगळे खूश व्हायचे, मीसुद्धा. पण एकाच आठवड्यात तेच हृदय तीनदा बघितल्यावर मराठीच्या बाईंनी विचारलं, "आता समासाचा धडा दाखवता का?" समासाच्या धड्यात फिरवायला काही नव्हतं. उघडलं ते छापील पानाचं चित्र, जसंच्या तसं. पुस्तक मोठ्या आकाराचं, टॅबचा पडदा त्याच्या निम्मा. अक्षर वाचायचं तर दोन बोटांनी पान ताणायचं, ताणलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर, मग पान डावीकडे सरकवायचं, पुन्हा उजवीकडे. बाईंनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीत त्यांची ओळ चुकली. विक्रेता म्हणाला, मुलांना सवय होते.

त्या दिवशी आम्हाला कळलं की 'डिजिटल पाठ्यपुस्तक' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पीडीएफमध्ये पान गोठलेलं असतं. ई-पबमध्ये मजकूर वाहता असतो, अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप पुन्हा रचल्या जातात. आमच्या विषयांपैकी मोजक्याच पुस्तकांची ई-पब आवृत्ती मिळत होती. उरलेल्या पीडीएफमध्येही काही धडे म्हणजे पानांचे नुसते फोटो. काही धडे युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) यायच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेले. पडद्यावर ते देवनागरी दिसायचे, पण शब्द शोधायला गेलं की सापडायचा नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी व्हायची. कुणाला हे असं काही टॅबसाठी निवडायचं असेल, तर सगळ्यात कोरडा धडा उघडायला सांगावा, त्यात एक शब्द शोधून बघावा आणि मगच हृदयाकडे वळावं.

करारनामा मी घरी नेऊन वाचला. टॅब आमचे होते, पुस्तकं आमची नव्हती. पुस्तकं वाचण्याचा एक वर्षाचा परवाना होता. वर्ष संपलं की पुस्तक उघडणार नाही. म्हणजे नववीत गेलेल्या मुलाला आठवीचं काही बघायचं असलं तर काय? धाकट्या भावंडानं काय करायचं? आमच्या ग्रंथालयात वर्षाअखेर मुलांनी परत केलेल्या पुस्तकांचा गठ्ठा असतो, ज्यांना नवी घेणं जमत नाही त्यांना तो उपयोगी पडतो. नव्या व्यवस्थेत असा गठ्ठा होणारच नव्हता. हे, आणि कंपनीनं मध्येच पुस्तकं बंद केली तर काय, हेही मी बैठकीत मांडलं तेव्हा 'असं कधी होत नसतं' म्हणून उडवलं गेलं. मग मी २०१९ सालचं उदाहरण दिलं. मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं त्यांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही. शाळा वर्षाच्या मध्यात असताना परताव्याचा काय उपयोग?

खर्चाचा हिशेबही तेव्हाच उलगडला. टॅबच्या किमतीशी पुस्तकांची किंमत ताडून बघणं सोपं, म्हणून सगळे तेच करत होते. पण त्यात कव्हरं, जादा चार्जर, वर्गावर्गात वायफाय, चार्जिंगची कपाटं, दुरुस्ती आणि हे सगळं सांभाळणारा एक पगारी माणूस धरलेला नव्हता. शिवाय टॅब काही पुस्तकांसारखा पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. काही शे वेळा चार्ज झाल्यावर बॅटरी मलूल होते, मग कंपनी सुरक्षेचे अपडेट थांबवते, मग नवं ॲप त्यावर चालत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलंय की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. म्हणजे आठवीत दिलेलं यंत्र आणि त्यावरची ॲप्स मूल शाळा सोडेपर्यंत टिकतील, याची खात्री नाही. संचालकांनी ऐकून घेतलं. शेवटी पालकांकडून अनामत रक्कम घ्यायची आणि मोडतोड झाली तर त्यातून वळती करायची, असं ठरलं. त्या वेळी ही तडजोड बरी वाटली.

वर्ष सुरू झालं.

पहिल्या तासाला "पान सत्तेचाळीस काढा" असं मी सवयीनं म्हणाले आणि वर्गात गोंधळ उडाला. विज्ञानाचं पुस्तक ई-पबमध्ये होतं. अक्षर लहान ठेवणाऱ्याकडे ते पान एक, मोठं ठेवणाऱ्याकडे भलतंच. मग धडा, उपशीर्षक, परिच्छेद असा पत्ता सांगायचा आणि तो सगळ्यांना सापडेपर्यंत थांबायचं. काही दिवसांनी मी परिच्छेदांना क्रमांक दिले आणि हे सुधारलं. पण दुसरी एक गोष्ट काही केल्या सुधारली नाही. छापील पुस्तक असताना मी बाकांमधून फिरायचे तेव्हा कोण कुठे पोचलंय, कोण भलत्याच पानावर आहे, हे लांबून दिसायचं. उघडलेलं पुस्तक आपलं पान लपवत नाही. टॅबवर मात्र मागून बघितलं तर उजेडाची चौकट आणि पुढून बघितलं तर मुलाचा गंभीर चेहरा. वाचतोय की नाही हे कळायला अगदी खांद्यावरून डोकवावं लागायचं, आणि मी तिथे पोचेपर्यंत बोट फिरलेलं असायचं.

तास सुरू व्हायला वेळ लागू लागला. कुणाचं चार्जिंग संपलंय, कुणाला पासवर्ड आठवत नाही, कुणाच्या टॅबनं नेमका आत्ताच अपडेट घ्यायचं ठरवलंय. सगळा वर्ग एकाच वेळी एकच धडा उतरवून घ्यायला लागला की वायफाय गुदमरायचं. यावर उपाय होते आणि आम्ही ते केले. धडे आदल्या रात्रीच उतरून राहतील अशी सोय केली, अपडेट सुट्टीच्या दिवसावर ढकलले, वर्गात चार्ज केलेले दोन जादा टॅब ठेवले. त्रास बराच कमी झाला, पण संपला नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक नाहीच. वर्गातल्या प्रत्येक यंत्राची बिघडण्याची शक्यता थोडीशी असली तरी सगळ्यांची मिळून रोज एखादं तरी बिघडतंच, आणि शिक्षक त्या एकासाठी थांबतो. पुस्तक विसरलेलं मूल शेजाऱ्याकडे सरकतं आणि तास चालू राहतो. टॅबवर दोघांनी मिळून वाचणं अवघड, कारण एकानं पान सरकवलं की दुसऱ्याचं हरवतं.

बंधनांची गंमत वेगळीच. यंत्रांवर दूरून नियंत्रण ठेवणारी प्रणाली घेतली होती. ठरावीक ॲप्स सोडून काही उघडायचं नाही. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या शाळांनी सगळ्या विद्यार्थ्यांना आयपॅड देण्याची प्रचंड योजना सुरू केली होती, तेव्हा मुलांनी यंत्रावरचं नियंत्रणाचं प्रोफाइल काढून टाकलं आणि अगदी थोड्या दिवसांत त्यांना मोकळं इंटरनेट मिळालं. ते मी वाचलं होतं, त्यामुळे आमची मुलं किती दिवस घेतात एवढंच कुतूहल होतं. फार घेतले नाहीत. शब्दकोशाच्या ॲपमध्ये 'मदत' नावाची एक पायवाट होती. तिच्यावरून कंपनीच्या पानावर, तिथून शोधयंत्रावर आणि तिथून सगळीकडे. ते बुजवलं तर मुलांनी गटकामासाठी दिलेल्या सामायिक टिपणवहीत गप्पा सुरू केल्या. भूगोलाच्या प्रकल्पाचं टिपण उघडलं तर आत क्रिकेटचा धावफलक आणि माझ्या साडीबद्दलचं एक मत. मत चांगलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

कुलूप जास्त घट्ट केलं तर त्याचाही फटका बसायचा. माझा 'सजीवांतील प्रजनन' हा धडा आला आणि नको तो मजकूर अडवणाऱ्या गाळणीनं तो धडा सोडून बाकी सगळं दाखवलं. वर्गात अर्थातच खसखस पिकली. तो धडा मी फळ्यावर शिकवला, आणि खरं सांगायचं तर बरा झाला.

आता ज्या गोष्टींनी माझं मत बदललं त्यांच्याबद्दल सांगते, कारण एवढं वाचून मी टॅबची शत्रू आहे असं वाटेल.

आमच्या वर्गात एका मुलीची दृष्टी अधू आहे. आधीच्या वर्षांत ती भिंग घेऊन पुस्तकावर वाकून बसायची, दुसऱ्या तासानंतर डोकं दुखायला लागायचं. मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागवली की ती अर्धं वर्ष उलटल्यावर यायची आणि एका पुस्तकाचे दोन-तीन भाग होत असल्यानं उचलतानाच दमछाक. टॅबवर तिनं अक्षर हवं तेवढं मोठं केलं, पार्श्वभूमी काळी केली आणि लांबचे परिच्छेद कानाला लावून ऐकायला लागली. पहिल्याच महिन्यात तिनं वर्गात हात वर करून धड्यातल्या एका वाक्याबद्दल शंका विचारली. त्याआधी ती माझ्या बोलण्याबद्दल विचारायची, पुस्तकाबद्दल कधीच नाही. अर्थात हे ई-पबचं. फोटोवाल्या पीडीएफपुढे तो वाचणारा आवाज गप्प बसायचा आणि जुन्या फाँटवर आला की काहीतरी अगम्य बरळायचा. इतिहासाचं पुस्तक तिच्यासाठी आम्ही काही शिक्षकांनी मिळून पुन्हा टाइप केलं. अंध आणि अधू दृष्टीच्या वाचकांसाठी पुस्तकं सुलभ रूपात आणायला हक्कधारकाच्या परवानगीची अडचण येऊ नये म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला, २०१६ मध्ये तो लागू झाला. त्यामुळे कायद्याची वाट बऱ्याच देशांत मोकळी झालीय. टायपिंग मात्र कुणाला तरी करावंच लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे झटपट चाचण्या. ऋतूंचा धडा शिकवून झाल्यावर मी टॅबवर एकच प्रश्न टाकला, हिवाळा का पडतो? चार पर्याय. मिनिटभरात माझ्या पडद्यावर दिसलं की अर्ध्याहून जास्त वर्गानं 'तेव्हा पृथ्वी सूर्यापासून लांब जाते' हे निवडलंय. धडा मी नीट शिकवला होता. अक्ष कलता असतो हे फळ्यावर काढलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मी तिथेच थांबले आणि सांगितलं की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. वर्गात जी शांतता पसरली ती मला फार आवडली. मग खरी चर्चा झाली. जानेवारीत दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, हे एका मुलानं स्वतःहून जोडून दाखवलं. वह्या तपासून हीच गोष्ट मला पंधरा दिवसांनी कळली असती, तोवर धडा मागे पडलेला असता.

पण या दोन्ही प्रसंगांवर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली आणि मग ती मला जिथे तिथे दिसायला लागली. टॅबमुळे जे जे चांगलं झालं त्यातल्या एकाही गोष्टीसाठी बाकीच्या मुलांचं पुस्तक काढून घ्यावं लागत नव्हतं. चाचणी घ्यायला टॅब हातात असणं पुरेसं होतं. त्या मुलीला टॅब हवा होता, तिच्या शेजारणीला पुस्तक नको असण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. उलट जे बिघडलं ते बहुतेक सगळं पुस्तक नाहीसं केल्यामुळे बिघडलं. पुस्तक काढल्यामुळे झालेला फायदा एकच, दप्तराचं वजन.

वाचनाबद्दल मात्र मला नुसत्या अंदाजावर बोलायचं नव्हतं. २०१८ मध्ये स्पेन आणि इस्राइलमधल्या संशोधकांनी २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यांचा निष्कर्ष असा की कागदावर वाचलेलं जास्त चांगलं समजतं. गोष्टी वाचताना हा फरक दिसत नाही, माहितीपर मजकुरात दिसतो. वेळेची मर्यादा असली की वाढतो, आणि वर्षं सरली, लोकांना पडद्याची सवय झाली, तरी कमी झालेला नाही, उलट वाढलाय. हे शेवटचं वाचून मला 'मुलांना सवय होते' हे वाक्य आठवलं. पाठ्यपुस्तक म्हणजे माहितीपर मजकूर, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वेळ कमीच असतो. म्हणजे नेमका तोच कोपरा.

मी आमच्या दोन तुकड्यांत एक साधा प्रयोग केला. एका धड्याला एका तुकडीनं छापील झेरॉक्स वाचली, दुसरीनं टॅबवर वाचलं. पुढच्या धड्याला अदलाबदल. चाचणीआधी प्रत्येकानं आपल्याला किती गुण पडतील ते चिठ्ठीवर लिहायचं. असल्या घरगुती प्रयोगातून काही सिद्ध होत नाही, तसा माझा दावाही नाही. गुणांत फार मोठी तफावत नव्हती. पण चिठ्ठ्या बोलक्या होत्या. टॅबवर वाचलेल्यांनी लवकर वाचून संपवलं आणि स्वतःला जास्त गुण दिले. कागदवाले हळू होते आणि आपल्याला काय येत नाही याचा अंदाज त्यांना जास्त बरा होता. अॅकरमन आणि गोल्डस्मिथ या संशोधकांनी २०११ मध्ये प्रौढ विद्यार्थ्यांबाबत असंच काहीसं मांडलं होतं. पडद्यावर वाचणाऱ्याला समजल्याचा भास लवकर होतो, म्हणून तो लवकर थांबतो. मुलांना मी चिठ्ठ्या परत दाखवल्या तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, टॅबवर सगळं वाचल्यासारखं वाटतं." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मुलांकडून आणखीही बरंच कळलं. छापील पुस्तकात उत्तर शोधताना ती म्हणायची, "ते डावीकडच्या पानावर, बेडकाच्या चित्राखाली." टॅबवर मजकुराला अशी जागाच नसते, तो वर सरकून निघून जातो. आकृती एका पानावर आणि तिचं वर्णन मागच्या पानावर असलं की पुस्तकात दोन पानांमध्ये बोट घालून ठेवता येतं. टॅबवर प्रत्येक वेळी शोधत जावं लागतं, आणि तिसऱ्या वेळी मूल कंटाळून जाणं सोडून देतं. काही मुलांनी स्वतःच तोडगा काढला. महत्त्वाची पानं छापून आणायला सुरुवात केली. टॅबचा कागद वाचवण्याचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

घरची बाजू पालकसभेत आली. इंटरनेट नसलेल्या घरांचा प्रश्न आम्ही आधीच धरला होता, धडे उतरवून देत होतो, त्याची तक्रार कमी होती. जास्त तक्रार वेगळीच निघाली. एक वडील म्हणाले, "आधी मी 'तो टॅब ठेव आणि अभ्यासाला बस' म्हणायचो. आता काय म्हणू? अभ्यास टॅबमध्येच आहे." सभागृहात हशा पिकला, पण नंतर एकामागून एक पालक तेच सांगत राहिले. काही घरांनी पडद्यासाठी ठरावीक वेळ आखून दिला होता आणि तो पाळला जात होता. शाळेनं सक्ती करून तो नियम मोडला होता. हे ऐकून मुख्याध्यापक पहिल्यांदा गप्प झाले.

अनामत रकमेची तडजोडही इथेच उघडी पडली. एका मुलीच्या टॅबची काच तडकली होती. पैसे कापले जातील या भीतीनं तिनं घरीही सांगितलं नाही आणि शाळेतही नाही. तडकलेल्या काचेतून जेवढं दिसेल तेवढं वाचत राहिली. तिचे गुण घसरल्यावर चौकशी झाली तेव्हा कळलं. पुस्तक फाटलं तर चिकटपट्टी लावता येते. सक्तीची वस्तू महागडी असली की ती सांभाळायची धास्ती मुलाच्या डोक्यावर बसते, आणि ज्या घरात पैशाची ओढाताण जास्त तिथे ती धास्तीही जास्त. मी तेव्हापासून त्या अनामतीच्या विरोधात उघड बोलायला लागले.

वर्षाअखेरच्या बैठकीला मी जगभरातल्या घडामोडी मांडल्या, पण थोडक्यात, कारण परदेशी उदाहरणांवर वाद घालणं सोपं असतं. ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात सांगितलं की ज्या देशांनी शाळांत संगणकांवर भरघोस खर्च केला त्यांच्या वाचन, गणित, विज्ञानाच्या निकालांत लक्षात येण्याजोगी सुधारणा दिसली नाही. पेरूमध्ये तीनशेहून जास्त शाळांत प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या योजनेची पडताळणी झाली, तिथेही गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. स्वीडन डिजिटल शाळांसाठी नावाजलेला, तिथल्या सरकारनं २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांच्या खरेदीसाठी वेगळा निधी दिला. दक्षिण कोरियानं २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी डिजिटल पाठ्यपुस्तकं वर्गात आणली आणि काही महिन्यांतच कायदा बदलून त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढला, ती फक्त पूरक साहित्य म्हणून ठेवली. गणिताचे सर म्हणाले, यातलं एकही उदाहरण टॅब वाईट असल्याचं सांगत नाही, घाई वाईट असल्याचं सांगतं. त्यांचं म्हणणं मला मान्य होतं, आणि मी ते तसं सांगितलंही. आम्हीही घाईच केली होती.

बराच वाद झाला. एक गट म्हणत होता, गुंतवणूक केलीय, आणखी दोन वर्षं बघू. दुसरा म्हणत होता, सगळं गुंडाळा. शेवटी सक्ती मागे घेतली गेली. सगळ्या विषयांची छापील पुस्तकं परत आली. ती मिळवणं सोपं गेलं नाही, कारण मागणी उशिरा नोंदवली होती. टॅब मुलांकडून घेऊन चाकांच्या कपाटात ठेवले. ज्या शिक्षकाला हवेत त्यानं आदल्या दिवशी नोंद करायची. अधू दृष्टीची मुलगी आणि वाचनाची अडचण असलेली आणखी काही मुलं यांच्याकडे टॅब कायम राहिले, विनाअनामत. पुढच्या करारात आम्ही तीन अटी घातल्या. पुस्तक ई-पब आणि युनिकोडमध्येच हवं, परवाना संपला तरी वापरलेल्या वर्षाची प्रत मुलाकडे राहावी, आणि मुलांच्या वाचनाची नोंद कंपनीनं स्वतःकडे साठवू नये. पहिली अट एका विक्रेत्यानं मान्य केली. दुसरीवर कुणीच तयार नाही. तिसरीवर सगळे लगेच 'हो' म्हणतात, त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास सगळ्यात कमी आहे.

कपाटाच्या नोंदवहीत सगळ्यात जास्त सह्या भूगोलाच्या बाईंच्या असतात. सुरुवातीला टॅबला कडाडून विरोध त्यांचाच होता. उपग्रहचित्रांवर मुलांनी नदीचं पात्र वर्षावर्षांत कसं सरकलं ते शोधून काढलं, तेव्हापासून त्या टॅब मागतात आणि तास संपला की मोजून परत करतात. गणिताचे सर अजून माझ्याशी भांडतात. भूमितीच्या रचना टॅबवर हलवून बघता येतात, त्यासाठी त्यांना रोज टॅब हवेत. मी त्यांना म्हणते, घ्या की, पुस्तक बाजूला असू द्या. यावर आमचं जमतंही.

पालकांची अनामत परत द्यायची की नाही, यावर मात्र बैठका अजून चालूच आहेत.